पायधूळ

(लग्नाच्या दावती आपण सर्वांनीच जेवलेल्या असतात. या पाठात एका जवानाच्या वलीम्याची हकिकत आहे. हा वलीमा निकाहानंतर एक वर्षाने झाला. तो उशिरा का झाला आणि त्या दिवशी एका मुलीला मराठीतील एका वाक्प्रचाराचा अर्थ नव्याने कसा कळला, हे लेखिकेने येथे सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी लग्न निघाले की कोणत्या गोष्टींची चर्चा होते? तारीख कोणती धरायची, पाहुणे किती येणार, पुलाव कोणाच्या हातचा करायचा, हीच ना? आमच्या घरीही एकदा अशीच चर्चा चालू होती. पण नवरदेव फौजेत होता. फौजी माणसाच्या लग्नात आणखी एक प्रश्न असतो आणि तोच सर्वांत मोठा असतो. रजा मिळणार का?

ही गोष्ट माझ्या धाकट्या मामूंच्या लग्नाची आहे. मामू भारतीय लष्कराच्या अभियंता दलात नाईक होते. पुण्याजवळ खडकी येथे या दलाचे एक मोठे केंद्र आहे. तेथे तयार झालेल्या जवानांना 'बॉम्बे सॅपर्स' म्हणतात. सॅपर म्हणजे काय, असे मी एकदा मामूंना विचारले. ते हसून म्हणाले, "ज्याच्या एका खांद्यावर बंदूक आणि दुसऱ्या खांद्यावर फावडे, तो सॅपर."

खरेच आहे ते. सैन्याला पुढे जायचे असेल तर आधी वाट हवी. नदी आडवी आली तर पूल बांधायचा, रस्ता खचला तर तो नीट करायचा, जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढायचे आणि आपल्या हद्दीच्या रक्षणासाठी प्रसंगी सुरुंग पेरायचेही, ही सारी कामे सॅपर करतात. या दलाचे ब्रीद एकाच शब्दाचे आहे : 'सर्वत्र'.

मामूंच्या खोलीत दोन चित्रे होती. एक ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचे. १९४८ साली जम्मू-काश्मीरमधील नौशेराचे त्यांनी रक्षण केले आणि त्याच वर्षी ३ जुलैला ते रणांगणावर शहीद झाले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसरे चित्र राम राघोबा राणे यांचे. ते बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती. जखमी झालेले असतानाही राणे यांनी ते अडथळे दूर केले आणि आपल्या रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीरचक्र मिळाले. मामू म्हणत, "एकाने नौशेरा राखले, दुसऱ्याने तेथून पुढची वाट मोकळी केली. देशाला दोघेही लागतात."

मामूंसाठी मिरजेची मुलगी पाहिली होती. मुलगी मराठी शाळेत शिकलेली, हुशार. पण तिचे अब्बा तयार होईनात. ते नानांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे. घर चांगले आहे. पण फौजी माणूस आज इथे, तर उद्या सरहद्दीवर. माझ्या मुलीने वाटेकडे डोळे लावून बसायचे का?"

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमची काळजी खरी आहे. आमचे डोळेही वाटेकडेच लागलेले असतात. तिला वाट पाहावी लागणार नाही, असे मी म्हणू शकत नाही. पण वाट पाहताना आम्ही तिला एकटी ठेवणार नाही, एवढा शब्द देतो."

आतल्या खोलीतून मुलीने हे ऐकले. तिने आपल्या अम्मीजवळ होकार कळवला.

निकाह रविवारी, २३ डिसेंबर २००१ रोजी ठरला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वलीमा. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ. त्या वर्षी डिसेंबरच्या मध्यास रमजान ईद होती. मामू वार्षिक रजा घेऊन ईदच्या आधीच घरी आले. नानींनी तांदळाची दोन पोती भरून घेतली. बावर्ची ठरला. मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले.

पण १३ डिसेंबरला दिल्लीत संसदेवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. काही दिवसांतच आपले सैन्य पश्चिम सरहद्दीकडे निघाले. या मोहिमेला 'ऑपरेशन पराक्रम' असे नाव होते. रजेवर गेलेल्या जवानांना परत बोलावणे सुरू झाले. शुक्रवारी, २१ डिसेंबरला सकाळी आमच्या दारात तारवाला उभा राहिला. तुम्ही तार पाहिलेली नाही. २०१३ साली ती सेवा बंद झाली. त्या काळी तार आली की घरातले सगळे आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आणि मग ती उघडत. तारेत एवढेच होते की, रजा रद्द झाली आहे, ताबडतोब हजर व्हा.

नानांनी मिरजेला फोन केला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीचे अब्बा म्हणाले, "आम्ही निघतो. निकाह आजच होईल."

दुपारनंतर एक जीप आमच्या दारात आली. तिच्यात नवरी होती, तिचे आईवडील होते आणि जवळची सात-आठ माणसे होती. नवरीचा एकच हात मेंदीने रंगला होता. दुसऱ्या हाताला मेंदी लावायला वेळच मिळाला नव्हता. असरच्या नमाजनंतर निकाह झाला. खजूर वाटले. अंगणात बांबू तसेच पडलेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे नानींनी मामूंच्या दंडावर इमाम जामिन बांधला. मामूंनी सगळ्यांना सलाम केला आणि ते पुण्याच्या एस.टी.त बसले. माझ्या नव्या मुमानी दारात उभ्या होत्या. त्यांनी रंगलेला हात पदराखाली झाकून घेतला होता आणि कोरा हात हलवत होत्या.

शेजारच्या बायका म्हणाल्या, "तांदूळ आलेला आहे, बावर्ची ठरलेला आहे. वलीमा उरकून घ्या."

नानी म्हणाल्या, "नवरदेवाशिवाय कसला वलीमा? तो येईल तेव्हा करू. तांदूळ जुना झाला तर पुलाव अधिक मोकळा होतो. थांबू दे त्याला."

मशिदीच्या इमामसाहेबांनीही सांगितले की, निकाहाची आनंदवार्ता सर्वांना कळावी आणि चार माणसे आपल्या घरी जेवावीत, यासाठी ही दावत असते. अडचणीमुळे उशीर झाला तर मनाला लावून घेऊ नका.

ती दोन पोती माजघरात राहिली. नानी अधूनमधून तांदळाला ऊन दाखवत, कडुनिंबाचा पाला घालत आणि पुन्हा पोत्याचे तोंड शिवत. "वलीमा कधी?" असे कोणी विचारले तर मुमानी शांतपणे म्हणत, "तांदूळ जुना होतो आहे."

मामूंची पत्रे येत. त्यांवर गावाचे नाव नसे. फौजेतले पत्र लष्करी टपालघराच्या क्रमांकाने येते आणि त्याच क्रमांकाने जाते. त्यामुळे मामू नेमके कोठे आहेत, हे आम्हांला कळत नसे. पत्र आले म्हणजे ते सुखरूप आहेत, एवढेच कळे.

त्या वर्षी मुमानी मला रोज संध्याकाळी मराठी शिकवू लागल्या. मी उर्दू शाळेत पाचवीत होते. मराठी वाचता येई, पण बोलताना फार चुका होत. आपल्या उर्दूत लिंगे दोनच. मराठीत तीन. मी 'माझा पुस्तक', 'माझी घर' असे काहीही म्हणत असे. मुमानी रागावत नसत. त्या म्हणत, "ते पुस्तक, माझे पुस्तक. ते घर, माझे घर. ज्याच्याआधी 'ते' येते, त्याच्याशी 'माझे' जोडायचे." नाना आपला शब्द पाळत होते. रात्रीच्या जेवणानंतर ते न चुकता मुमानींजवळ बसत आणि दिवसभराच्या गोष्टी सांगत. मुमानी एकट्या राहिल्या नाहीत. खरे तर आमच्यापैकी कोणीच एकटे राहिले नाही.

ऑक्टोबर २००२ मध्ये सरहद्दीवरचे सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. आम्हांला वाटले, आता मामू येतील. पण सॅपरांना लगेच रजा कशी मिळणार? जे सुरुंग पेरले होते ते काढायचे होते. त्या जमिनी शेतकऱ्यांच्या होत्या. तेथे पुन्हा नांगर चालायचा होता, मुले खेळायची होती. सुरुंग पेरायला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ तो शोधून काढायला लागतो. वाऱ्याने वाळू सरकते, पावसाने माती वाहते, आणि खुणा पुसल्या जातात. या कामात अनेक जवान जखमी झाले, काहींनी प्राण गमावले. युद्ध झाले नाही, तरीही.

डिसेंबरच्या अखेरीस मामू घरी आले. नानींनी पोत्यांची शिवण उसवली. वलीम्याची तारीख ठरली : रविवार, ५ जानेवारी २००३.

नाना मला म्हणाले, "नातेवाइकांना मी उर्दूत रुके लिहितो. मामूंचे सहा दोस्त आहेत. त्यांना मराठीत पत्र लिहायचे काम तुझे. तुमच्या पुस्तकात पत्रलेखन आहे ना?"

मी सहावीत गेले होते. बाईंनी वर्गात नुकताच 'पायधूळ झाडणे' हा वाक्प्रचार शिकवला होता. मोठ्या माणसाला आदराने घरी बोलवायचे असेल तर 'आमच्या घरी पायधूळ झाडावी' असे म्हणतात. मला तो फार आवडला होता. 'तशरीफ लाइए' म्हणावे, तसेच ते वाटे. मी पत्र लिहिले :

"माननीय काका,

सप्रेम सलाम. आमच्या मामूंचा वलीमा रविवारी, दि. ५ जानेवारी रोजी दुपारी आमच्या घरी आहे. वलीमा म्हणजे लग्नानंतर नवऱ्या मुलाच्या घरी होणारे आनंदाचे जेवण. ते एक वर्ष उशिरा होत आहे. म्हणून आमचा आनंदही एक वर्षाने मोठा झाला आहे. तरी आपण अवश्य यावे आणि आमच्या घरी पायधूळ झाडावी.

आपली भाची."

'आनंदाचा जेवण' असे मी लिहिले होते. मुमानींनी ते 'आनंदाचे जेवण' असे करून घेतले. बाकी पत्र त्यांना आवडले. मी सहा प्रती काढल्या आणि पेटीत टाकून आले.

संध्याकाळी मामूंनी विचारले, "काय लिहिलेस?" मी पाठ केल्यासारखे सारे पत्र म्हणून दाखवले. शेवटचे वाक्य ऐकताच मामूंचा चेहरा बदलला.

"सगळ्यांना हेच लिहिलेस?"

"हो. का?"

मामू हळू आवाजात म्हणाले, "माण तालुक्यातला माझा दोस्त आहे ना, गेल्या फेब्रुवारीत सुरुंगाच्या स्फोटात त्याचा उजवा पाय गेला. गुडघ्याखाली. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला नवा पाय बसवला आहे. पण गावी गेल्यापासून तो कोणाच्या लग्नाला जात नाही, जत्रेला जात नाही. लोक पायाकडे बघतात, ते त्याला सहन होत नाही."

मुलांनो, मला काय वाटले असेल, याची कल्पना करा. ज्याचा पाय गेला, त्याला मी 'पायधूळ झाडावी' असे लिहिले होते! मी रडत टपालपेटीकडे धावले. मुमानीही माझ्यामागे आल्या. पण पेटी केव्हाच रिकामी झाली होती.

घरी आल्यावर नाना म्हणाले, "तुझा शब्द वाईट नाही आणि मनही वाईट नाही. तो आला तर आपण त्याची माफी मागू."

"आणि नाही आला तर?" मी विचारले.

नानांनी उत्तर दिले नाही.

वलीम्याच्या आदल्या दिवशी माझ्या आतेभावाने मामूंना विचारले, "तुमच्या दावतीत तलवारी असतील का?" त्याने एका मासिकात लष्करी लग्नाचे छायाचित्र पाहिले होते. मामूंनी आम्हांला समजावून सांगितले. लष्करातील अधिकाऱ्याच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात त्याचे सहकारी अधिकारी समारंभाचा गणवेश घालून समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. ते आपल्या तलवारी उंच धरून एकमेकींना टेकवतात. त्या तलवारींच्या कमानीखालून नवरा-नवरी चालत जातात. 'यापुढे तुम्ही दोघेही आमचे आहात, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत,' असा त्याचा अर्थ. काही ठिकाणी केकही तलवारीने कापतात.

"पण तलवार असते अधिकाऱ्यांकडे," मामू म्हणाले. "मी तर साधा नाईक. आपल्याकडे तलवारी कुठल्या?"

रविवार उजाडला. मामूंचे पाच दोस्त सकाळीच आले. त्यांत तिघे खडकीहून आले होते. एक काका पंजाबचे होते, पण खडकीत राहून मराठी छान बोलत. पाहुणे म्हणून बसायचे त्यांना ठाऊकच नव्हते. कोणी मांडवाचे खांब घट्ट केले, कोणी पाण्याची पिंपे भरली. पंजाबचे काका मात्र गावात गेले आणि थोड्या वेळाने शेजाऱ्यांची सहा फावडी घेऊन आले. त्यांनी ती घासून लखलखीत केली आणि दांड्यांना झेंडूच्या माळा बांधल्या.

"हे काय, काका?" आम्ही विचारले.

ते म्हणाले, "अधिकाऱ्यांना तलवार, आपल्याला फावडे. सॅपरच्या लग्नात कमान फावड्यांचीच शोभेल."

फावडी सहा होती आणि माणसे पाच. सहावे फावडे भिंतीला टेकून उभे होते. त्यावरही माळ होती. कोणी त्याविषयी बोलत नव्हते, पण जाता-येता सगळ्यांचे लक्ष तिकडे जात होते.

दुपारचा एक वाजला. पाहुणे जमले. दस्तरखान अंथरले गेले. बावर्चीने निरोप पाठवला की, पुलाव तयार आहे. नाना म्हणाले, "दोनची एस.टी. येऊ द्या. मग बसू." लोक कुजबुजू लागले. मुमानींच्या अब्बांनी घड्याळाकडे पाहिले, पण तेही काही बोलले नाहीत.

दोनची एस.टी. आली. स्टँडपासून आमचे घर बरेच आत होते. वाट मातीची. मी दारातच उभी होते. वाटेच्या वळणावर हातात काठी घेतलेला एक उंच माणूस दिसला. तो सावकाश चालत होता. मामू धावत पुढे गेले. पण त्याने हाताने खूण करून त्यांना थांबवले आणि उरलेली वाट एकट्याने चालून तो दारापर्यंत आला.

दाराशी येऊन त्याने विचारले, "ती पत्र लिहिणारी भाची कोणती?"

माझा घसा कोरडा पडला. मी कशीबशी म्हणाले, "काका, मला माहीत नव्हते. माझी चूक झाली."

काकांनी आपल्या दोन्ही बुटांकडे पाहिले. दोन्ही धुळीने भरले होते. ते म्हणाले, "हे बघ. एक पाय देवाने दिलेला आणि एक पुण्याचा. पण धूळ दोन्हींवर सारखीच बसली आहे. आता सांग, कुठे झाडू?"

आधी कोणीच हसले नाही. मग काकाच मोठ्याने हसले आणि सगळा मांडव हसू लागला. मी मात्र रडत होते. काकांनी खिशातून माझे पत्र काढले. त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या. ते म्हणाले, "पोरी, अकरा महिने झाले. माझ्यासमोर कोणी 'पाय' हा शब्दसुद्धा उच्चारत नाही. घरातले जपतात, गावातले नजर चुकवतात. तुझे पत्र वाचले आणि पुष्कळ दिवसांनी मला हसू आले. माझी बायको म्हणाली, इतक्या आग्रहाने बोलावले आहे, तर जा. म्हणून आलो."

पंजाबचे काका भिंतीजवळ गेले. त्यांनी सहावे फावडे उचलून या काकांच्या हातात दिले. काकांनी काठी माझ्याकडे दिली. तीन जण इकडे, तीन जण तिकडे असे ते उभे राहिले. सहा फावडी वर गेली आणि त्यांची पाती एकमेकींना टेकली. मामू आणि मुमानी त्या कमानीखालून चालत गेले. या वेळी मुमानींचे दोन्ही हात मेंदीने रंगले होते. त्या कमानीच्या टोकाशी थांबल्या आणि त्यांनी सहाही जणांना सलाम केला. फावडे धरलेले काकांचे हात शेवटपर्यंत हलले नाहीत.

मग जेवणे झाली. नव्या पायामुळे काकांना मांडी घालून जमिनीवर बसणे अवघड होते. हे नानांच्या आधीच लक्षात आले होते. त्यांनी दोन खुर्च्या आणि एक मेज मागवले. एका खुर्चीवर काकांना बसवले आणि दुसऱ्या खुर्चीवर स्वतः बसत ते म्हणाले, "बरे झाले तुम्ही आलात. माझेही गुडघे दुखतात. सोबत मिळाली." नानांचे गुडघे दुखतात, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

काका माळकरी होते. त्यांच्यासाठी आणि इतर शाकाहारी पाहुण्यांसाठी नानींनी नव्या भांड्यात मसालेभात केला होता. तांदूळ त्याच पोत्यांतला. इकडे पुलाव आणि दालचा, तिकडे मसालेभात आणि मठ्ठा. शेवटी सर्वांना जर्दा. पंजाबचे काका म्हणाले, "हा तर आमचा बडाखाना झाला." फौजेत सणावारी किंवा विशेष प्रसंगी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, त्याला बडाखाना म्हणतात. त्या जेवणात मोठा-छोटा असा भेद नसतो.

निघताना मुमानींच्या अब्बांनी नानांचा हात हातात घेतला. ते म्हणाले, "मी विचारले होते, माझ्या मुलीने वाट पाहत बसायचे का? आज तुम्ही एका पाहुण्यासाठी सगळी दावत थांबवली. या घरात एकटीने वाट पाहावी लागत नाही, हे मला समजले."

संध्याकाळी फावडी ज्याची त्याला परत गेली. काकांना सोडायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. एस.टी.त चढताना त्यांनी मला सांगितले, "पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. आता तुम्ही आमच्याकडे पायधूळ झाडायची."

आम्ही गेलो. त्यानंतर अनेक वेळा गेलो.

मुलांनो, आज मी शाळेत मराठी शिकवते. 'पायधूळ झाडणे' हा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला की मला मातीची ती वाट आणि धुळीने भरलेले ते दोन बूट दिसतात. नवी भाषा शिकताना तुमच्याही चुका होतील. लिंग चुकेल, शब्द चुकेल, कधी नको तेथे नको तो वाक्प्रचार पडेल. चूक कळली की ती सुधारा. पण चूक होईल या भीतीने पत्र लिहायचे मात्र थांबवू नका. कोणीतरी कोठेतरी आपल्या घरात बसून बोलावण्याची वाट पाहत असेल.

शब्दार्थ

ब्रीद – ध्येय सांगणारे वचन. सुरुंग – जमिनीत पुरलेला स्फोटक पदार्थ. सरहद्द – देशाची सीमा. मरणोत्तर – मृत्यूनंतर. माजघर – घराचा मधला भाग. माळकरी – तुळशीची माळ घालणारा वारकरी. रुका – निमंत्रणाची चिठ्ठी. कृत्रिम – माणसाने तयार केलेले. कमान – दोन बाजूंना टेकलेला वक्र आकार.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मामू लष्कराच्या कोणत्या दलात होते?
(२) निकाह ठरलेल्या तारखेच्या आधी का झाला?
(३) नानींनी वलीम्याचा तांदूळ वर्षभर कसा जपला?
(४) सहावे फावडे भिंतीला का टेकून ठेवले होते?
(५) बडाखाना म्हणजे काय?

प्र. २. कोण, कोणास म्हणाले?
(१) "वाट पाहताना आम्ही तिला एकटी ठेवणार नाही."
(२) "तांदूळ जुना होतो आहे."
(३) "आता सांग, कुठे झाडू?"

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाल्यावरही सॅपरांना लगेच रजा का मिळाली नाही?
(२) पत्र वाचून काकांना राग का आला नाही?
(३) 'माझेही गुडघे दुखतात,' असे नाना का म्हणाले असतील? तुमचे मत लिहा.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पायधूळ झाडणे, शब्द पाळणे, वाटेकडे डोळे लावणे, घसा कोरडा पडणे.

प्र. ५. 'माझा', 'माझी', 'माझे' यांपैकी योग्य शब्द लिहा.
—— पत्र, —— चूक, —— बूट, —— घर, —— खुर्ची, —— फावडे.

उपक्रम : तुमच्या घरच्या एखाद्या आनंदाच्या प्रसंगाचे निमंत्रण देणारे पत्र मराठीत लिहा. बरेच दिवस कोणाकडे गेलेली नाही अशा एखाद्या व्यक्तीला ते पाठवा.